सहावी पाकळी

बोटी दुरुस्त करायच्या त्या कारखान्यात लोखंडाची माणसं पुष्कळ होती. कुणी पिस्टन काढणारा, कुणी वाकडा पंखा सरळ करणारा, कुणी नुसतंच वेल्डिंग मारून दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवणारा. पाण्याचा माणूस मात्र एकच. त्याला सगळे पाणक्या म्हणत. जन्मात खांद्यावर घागर न घेतलेल्या माणसाला हे नाव दिलं एका फिटरनं. तो फिटर अंगानं ढोलासारखा, म्हणून त्याला ढोल्या म्हणत. आपलं नाव बिघडलं म्हटल्यावर त्यानं इतरांचीही बिघडवायचा वसाच घेतला होता.

पाणक्या इंजिनाच्या पोटात हात घालायचा तो फक्त पाण्यासाठी. पाणी कुठनं येतं, कुठं अडतं, कुठं गळतं आणि मागनं कसं निघून जातं, एवढंच त्याचं जग. तो म्हणायचा, "इंजिन लोखंडावर चालत नाही, पाण्यावर चालतं. लोखंड नुसता आवाज करतं." हे वाक्य ढोल्यासमोर म्हटलं की त्या दिवशी चहाला रंग यायचा.

नवा कुणी बोटमालक आला की पाणक्या त्याला आधी इंजिनाजवळ उकिडवा बसवायचा. कोट असो, इस्त्री असो, बसायचं. मग समजवायचा. "हे बघा, ह्यात पाणी दोन. एक घरचं, एक बाहेरचं. घरचं गोडं, ते इंजिनातल्या इंजिनात फिरत राहतं आणि तापतं. बाहेरचं खारं. ते बोटीच्या तळाच्या कॉकमधनं आत येतं, गाळणीत कचरा टाकतं, पंपातली रबरी चक्री त्याला पुढं ढकलते. मग हा पितळी डबा. ह्यात बारीक बारीक नळ्या. खारं पाणी नळ्यांतनं जातं, गोडं नळ्यांच्या अंगावरनं. दोघं एकमेकांना शिवत नाहीत, पण हा त्याचा ताप घेऊन जातो आणि मागं धुराबरोबर समुद्रात थुंकतो. शेजारधर्म म्हणतात तो हा."

त्या डब्यात एक जस्ताची कांडी बसवलेली असते. ती दर सहा महिन्यांनी काढून बघायची, अर्धी झिजली असली तर बदलायची. मालक विचारायचे, ही कशाला? पाणक्या म्हणायचा, "खाऱ्या पाण्याला काहीतरी खायला लागतंच. तुम्ही जस्त नाही दिलंत तर ते तांबं खाईल. ही कांडी म्हणजे घरातली थोरली सून. ती झिजते म्हणून बाकीचे चकचकीत."

एकदा एका मालकाची बायको मागं उभी होती. ती म्हणाली, "मग थोरल्या सुनेलाही दर सहा महिन्यांनी बदलता का?"

"बदलत नाही बाई," पाणक्या म्हणाला, "म्हणून तर घरं सडतात."

त्याचे काही नेम होते आणि ते त्यानं साऱ्या धक्क्याला लावले होते. इंजिन चालू केलं की मागं जाऊन वीस आकडे मोजायचे. वीसपर्यंत इंजिन थुंकलं नाही, तर बंद. बोट सोडून जेवायला जरी गेलं तरी तळाचा कॉक बंद करायचा आणि इंजिनाची किल्ली कॉकच्या दांडीला अडकवायची. म्हणजे परत येऊन किल्ली घ्यायला हात तिथंच जातो आणि कॉक उघडायचा राहत नाही. पण सगळ्यात कडक नेम चक्रीचा. त्या रबरी चक्रीला सहा पाकळ्या असतात. चक्री म्हातारी झाली की पाकळ्या तुटतात. नवी चक्री तर काय, कुणीही बसवेल. पाणक्या तुटलेल्या पाकळ्या फडक्यावर मांडायचा, तुकड्याला तुकडा जुळवायचा आणि मोजायचा. सहा भरल्या तरच झाकण लावायचं. एखादी कमी पडली तर ती पाण्याबरोबर पुढं गेलीय, आणि पुढं त्या बारीक नळ्या आहेत. ती तिथं जाऊन आडवी पडणारच. आज नाही तर उद्या. "हरवलेली पाकळी आणि रुसलेला जावई," तो म्हणायचा, "घरातच कुठंतरी असतात. शोधायलाच पाहिजेत."

असा हा माणूस. आणि तुटलेल्या पाकळ्या न मोजता नवी चक्री बसवून झाकण लावलं, असं त्याच्या आयुष्यात एकदाच घडलं. खरं तर न मोजता नव्हे. मोजून.

*

त्याची थोरली बहीण, अक्का, हिचा नवरा अलीकडच्या धक्क्यावरनं पलीकडच्या काठावर माणसं नेणाऱ्या लाँचवर सारंग होता. पाणक्या त्याला दाजी म्हणायचा, म्हणून हळूहळू सगळा धक्काच दाजी म्हणू लागला. तिकीट फाडणारा म्हणायचा, आणि ज्यांच्या बहिणीचा काही संबंध नाही असे शंभर लोक म्हणायचे. दाजी कमी बोलायचा. पण धक्क्याला लाँच अशी टेकवायचा की टोपलीतलं अंडं जागचं हलू नये. ओहोटीची ओढ त्याला पायाच्या तळव्याला कळायची. साहेब लोक घड्याळ बघून लाँचला यायचे, तर काही लोक लाँच बघून घड्याळ लावायचे.

मेव्हण्या-मेव्हण्यांचं चांगलं होतं. दाजी त्याला "काय मेव्हणे, पाणी प्यालं का इंजिन?" असं विचारायचा आणि पाणक्या "तुमच्यापेक्षा कमी" असं म्हणायचा.

त्या दिवशी सकाळी साडेआठला दाजीनं लाँच मधूनच परत फिरवली. इंजिनाच्या तापाचा काटा चढत होता. धक्क्याला लागताच त्यानं इंजिन बंद केलं, कॉक फिरवला, किल्ली दांडीला अडकवली आणि माणूस पाठवला. पाणक्या पिशवी घेऊन आला. धक्क्यावर कामावर जाणाऱ्यांची रांग लागलेली. मॅनेजर वरून ओरडत होता. पाणक्यानं पंप उघडला. चक्री गेलेली. चार पाकळ्या अंगाला लटकलेल्या, एक पंपाच्या तळाशी सापडली. एक नाही.

आता त्याला माहीत होतं काय करायचं ते. नळी सोडायची, पितळी डब्याचं टोपण काढायचं, आत बघायचं. टोपणाला चार बोल्ट. त्यातला खालचा बोल्ट मागच्या खेपेला त्यानंच वाकडा चढवला होता. आटे तिरपे बसलेत हे त्याच्या हाताला कळलं होतं. पण संध्याकाळ झाली होती, तसाच आवळून टाकला होता. आता तो सरळ निघणार नव्हता. तुटणार होता. तुटला की डबा खाली उतरवा, तुकडा ड्रिलनं काढा, दिवस गेला. आणि सगळ्या धक्क्यासमोर, रांगेसमोर, मॅनेजरसमोर कळणार की पाणक्याच्या हातानं बोल्ट वाकडा चढतो. ढोल्यानं तर हे वर्षभर पुरवून पुरवून खाल्लं असतं.

पाणक्यानं फडक्यावर पाच पाकळ्या ठेवल्या. जरा वेळ बघितलं. कधीकधी एखादी पाकळी सगळं पार करून मागनं निघूनही जाते. होतं असं. त्यानं दहा बोटींत एकदा बघितलं होतं.

दाजी वरून वाकला. "मोजल्या का मेव्हणे?"

"मोजल्या."

"किती?"

"सहा."

त्यानं फडकं गुंडाळलं आणि पिशवीत टाकलं. नवी चक्री बसली. कॉक उघडला, इंजिन सुरू झालं, वीसच्या आत मागं पाण्याची पिचकारी उडाली. चांगली जाड. पाणक्याला वाटलं, झालं, गेली ती. माणसं चढली. दाजी म्हणाला, "मेव्हणे, संध्याकाळी घरी या." आणि लाँच सुटली.

सकाळच्या चारही खेपा नीट झाल्या. दुपारी दाजीनं नेमाप्रमाणे कॉक बंद केला, किल्ली अडकवली, डबा खाल्ला. दोन वाजता परत सुटला. एकतीस माणसं. मध्यावर आल्यावर इंजिन तापलं. इतक्या लवकर तापलं की काट्याकडं नजर जायच्या आत मागं रबरी नळी जळाली आणि सगळा धूर माणसांत शिरला. लोक एका बाजूला पळाले. जळक्या नळीतनं पाणी बोटीत यायला लागलं. दाजीनं इंजिन बंद केलं, धुरात खाली उतरला, पुन्हा वर आला, ओहोटीच्या ओढीवर लाँच बांधाच्या दगडांना नेऊन लावली. कुणी मेलं नाही. एका शिंपीणबाईचा पाय लाँच आणि दगड यांच्यात सापडला आणि घोट्यापासून मोडला. इंजिन अडकलं ते कायमचंच.

चौकशीला तपासणीस साहेब आला. तो कागदाचा माणूस. लाँचमध्ये उतरल्यावर त्याला पहिली गोष्ट दिसली ती ही, की तळाचा कॉक बंद आहे.

"जेवून आल्यावर तुम्ही कॉक उघडलात?"

"उघडला."

"मग बंद कसा?"

"पाणी आत येत होतं साहेब. मी धुरात उतरून बंद केला असणार."

"केला, की केला असणार?"

दाजी खरा माणूस होता, हाच त्याचा घात. धुरात आपण काय काय केलं ते त्याला सलग आठवत नव्हतं. हात काळे होते, कानात किंकाळ्या होत्या. साहेबानं तोच प्रश्न तीनदा विचारला आणि तिसऱ्या वेळेला दाजी म्हणाला, "उघडायचा राहिलाही असेल."

इंजिन उघडून अहवाल द्यायचं काम पाणक्याकडं आलं. दुसरं कुणाकडं जाणार? कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये त्यानं एकट्यानं डबा उतरवला. खालचा बोल्ट तुटला, तुटणारच होता. टोपण काढलं. आत नळ्यांच्या तोंडावर ती पाकळी आडवी पडली होती. चिखल आणि शेवाळ तिच्यावर येऊन थापलं होतं, आणि अर्ध्याहून जास्त नळ्या मुजल्या होत्या. मग त्यानं पंप उघडला. नवी चक्री ठणठणीत. नव्यासारखी. कॉक बंद ठेवून इंजिन चाललं असतं तर ती चक्री कोरडी फिरून जळून कोळसा झाली असती. ह्या एका गोष्टीवर दाजी सुटत होता. पण ती विचारायला समोर जाणता माणूस लागतो. साहेबाला चक्री म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं.

पाणक्यानं पाकळी खिशात घातली. अहवालात एक ओळ लिहिली: इंजिनाला पाणी मिळाले नाही. ह्या ओळीत खोटं काही नव्हतं. तेच तर वाईट.

*

दाजीचा परवाना गेला. तो लाकडाच्या वखारीवर राखणदार झाला. पाणक्या आधी म्हणाला, थोडं निवळू दे, मग सांगू. मग म्हणाला, आता सांगून काय, साहेबाची तर बदली झाली. मग अक्काच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा कुठं हे काढायचं? असं करत करत अकरा वर्षं गेली. बोलायची वेळ चुकली की ती गोष्ट आपली आपण लहान होत नाही. ती आत पडून राहते आणि तिच्यावर बाकीचं येऊन थापतं. हे पाणक्याला त्याच्या धंद्यानंच शिकवलं होतं, पण धंद्यातलं शहाणपण घरी आणायचं तर उंबऱ्यावर चप्पल काढताना तेही काढून ठेवतो माणूस.

ह्या अकरा वर्षांत दाजीचं एक झालं. त्याचा स्वतःवरचा भरवसा उडाला. गॅस बंद केला की परत जाऊन बघायचा. नळ बंद केला की बोट लावून बघायचा. कुलूप लावलं की रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन परत यायचा. वखारीचा मालक म्हणायचा, असा राखणदार मिळायला भाग्य लागतं, हा एक कुलूप तीनदा लावतो. अक्का हसून म्हणायची, "आमचे विसरभोळे महाराज!" शेजारी हसायचे. पाणक्या तिथंच पाटावर बसलेला असायचा. तोही हसायचा.

कधीकधी दाजी त्यालाच विचारायचा. "मेव्हणे, आत्ता मी नळ बंद केला ना? तुम्ही बघितलंत ना?"

"केलात दाजी."

"नक्की?"

"नक्की."

त्याच्याच शब्दावर तो माणूस विश्वास ठेवायचा. ढोल्यानं एकदा कारखान्यात विचारलं होतं, "पाणक्या, हल्ली तू पाकळ्या मोजताना ओठ का हलवतोस रे? शाळेत आहेस का?" पाणक्या त्याच्यावर पान्हा घेऊन धावला होता. सगळ्यांना वाटलं, म्हातारपणी चिडका झाला.

अक्काच्या मुलीला मुलगी झाली. चार महिन्यांनी तिची रजा संपली. ती आईबापांकडं आली आणि बापाला म्हणाली, "बाबा, तुम्ही आमच्याकडं या. दिवसभर बाळाजवळ घरातलं माणूस पाहिजे. आईची शिवणाची कामं आहेत, ती अधूनमधून येईल. तुम्ही या."

दाजीनं बाळाकडं बघितलं. हात पुढं केला नाही.

"मी नको. माझा भरवसा नाही."

"असं काय बोलता बाबा?"

"मी एकतीस माणसांना विसरलो होतो पोरी. हिला बाथरूमच्या बादलीजवळ ठेवून विसरलो तर? मला नको सांगू. बाई ठेव एखादी."

मुलगी रडत निघून गेली. तिला वाटलं, बापाला नात नकोय. अक्कानं ही गोष्ट पाणक्याला बाजारातून परत येताना सांगितली आणि म्हणाली, "म्हातारा पार कामातनं गेला बघ. आता डॉक्टरला दाखवते डोकं."

पाणक्या त्या रात्री जेवला नाही. बायकोनं विचारलं तर म्हणाला, दात दुखतोय.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तो अक्काच्या घरी गेला. अक्का स्वयंपाकघरात खाली बसून कांदे चिरत होती. दाजी मोरीपाशी नळाला बोट लावून उभा होता. पाणक्या बसला नाही.

"दाजी, त्या दिवशी पाच होत्या."

"काय पाच?"

"पाकळ्या. तुम्ही विचारलंत किती, मी सहा म्हणालो. पाच होत्या. सहावी डब्यात गेली होती. इंजिन तिनं तापलं. मी काढली नंतर. माझ्या हातानं काढली."

नळावरचं बोट तसंच राहिलं. अक्काची सुरी थांबली. पाणक्याच परत बोलला. "डबा उघडायला पाहिजे होता. बोल्ट मीच वाकडा चढवला होता. तो तुटला असता, लोकांना दिसलं असतं. म्हणून."

"बोल्टासाठी?" अक्का म्हणाली.

"हो."

"एका बोल्टासाठी तू…" ती उठली. कांद्याचा हात तसाच. "अकरा वर्षं मी ह्या माणसाला विसरभोळा म्हणते आहे. माझ्या तोंडानं. चारचौघांत. आणि तू इथं, ह्या पाटावर बसून हसत होतास? ऊठ. चालता हो."

"मी बसलेलोच नाही अक्का."

"मग उभ्याउभ्या चालता हो!"

"थांब," दाजी म्हणाला. त्याचा आवाज अकरा वर्षांत पहिल्यांदा सारंगाचा निघाला. "मला विचारायचंय त्याला. चक्री कशी होती?"

"नवी कोरी."

"जळलेली नव्हती?"

"एकाही पाकळीला ओरखडा नव्हता दाजी."

दाजी खाली बसला. मग हाताचा पंजा हवेत धरून त्यानं सावकाश फिरवला, दांडी फिरवावी तसा. एकदा असा, एकदा तसा. "म्हणजे उघडा होता. उघडला होता मी. मग धूर झाल्यावर उतरलो आणि बंद केला. डाव्या हातानं. उजव्या हातानं मी एका शाळेच्या पोराची कॉलर धरली होती, ते माझ्यामागं खाली घसरलं होतं." तो पाणक्याकडं बघत नव्हता. "हात बरोबर होता. साहेबानं तीनदा विचारलं, म्हणून मी हाताला खोटं पाडलं."

पाणक्याला वाटलं, आता हा मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तपासणीस साहेब कुठं असतो?" दाजीनं विचारलं.

"वारला."

"मॅनेजर?"

"मुलाकडं गेला. पत्ता नाही."

"मग माणसं राहिली."

"कुठली माणसं?"

"लाँचमधली. पुढच्या फळीवर शिंपीणबाई, मांडीवर कापडाचा गठ्ठा, वर पिवळी नाडी बांधलेली. तिच्या शेजारी टपालखात्यातला शिपाई, तो चढताना मला म्हणाला, दाजी, आज तिकीट उद्या देतो. त्याच्या मागं दोघी सासवासुना, भांडण चालू होतं, सून खिडकीला. मग कोळशाच्या दुकानातला, त्याला शिंका येत होत्या…" दाजी बोटांवर मोजत सांगत गेला. कोण कुठं बसलं होतं, कुणाच्या हातात काय होतं, कोण कोणाशी काय बोलत होतं. तिसाव्यापाशी थांबला, डोळे मिटले, आणि म्हणाला, "आणि इंजिनावरच्या फळीला टेकून तो चष्मेवाला, पेपर उलटा धरून झोपलेला. एकतीस."

अक्का कांद्याच्या हातानं तोंड झाकून उभी होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी कांद्याचं की कशाचं, हे विचारायची पाणक्याची छाती नव्हती.

"ह्या सगळ्यांनी मला विसरभोळा म्हणून बघितलंय," दाजी म्हणाला. "तू प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगायचं. मी बरोबर येणार. मी काही बोलणार नाही. तू बोलायचं."

*

पहिल्या रविवारी शिंपीणबाई. ती आता सत्तरीची. मशीनवर बसलेली, मोडका पाय बाजूला लांब केलेला. पाणक्यानं उंबऱ्यातच उभं राहून सांगितलं: पाकळी, बोल्ट, सहा म्हणालो, पाच होत्या, सारंगाची चूक नव्हती. तिनं सगळं ऐकलं. मशीनचं चाक हातानं थांबवलं. मग दाजीकडं बघून म्हणाली, "अरे, थंडी पडली की हा पाय ठणकतो आणि मी तुझ्या नावानं शिव्या घालते. अकरा वर्षं. पाठ झाल्यात. आता ह्या वयात ह्याच्या नावानं नव्यानं कुठं सुरू करू?"

दाजी हसला. खूप हसला. नंतर तिच्या पायरीवर बसला आणि पाणी मागितलं. तिनं एकच पेला आणला. पाणक्या उभाच राहिला.

टपालखात्यातला शिपाई म्हणाला, मी त्या लाँचमध्ये नव्हतोच. दाजी न बोलण्याचं ठरवून आला होता, पण राहवलं नाही. म्हणाला, "होतात. तिकीट उद्या देतो म्हणालात. अजून दिलं नाहीत." शिपायाची बायको आतून हसली आणि म्हणाली, हेच ते, खात्रीनं हेच. सासवासुनांपैकी सासू गेली होती. सून म्हणाली, "त्यांनी शेवटपर्यंत सारंगालाच दोष दिला हो. त्यांना सांगायला हवं होतं." कोळशाच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान होतं आणि त्यातल्याला काही माहीत नव्हतं. चष्मेवाल्याला तर काहीच आठवेना. "कसली लाँच? कधी?" तो म्हणाला. "बरं, बरं. असेल. तुम्ही इतक्या लांबून हे सांगायला आलात?" आणि दार लावून घेतलं.

परत येताना ते लाँचनंच आले. नवा सारंग तरणा होता. धक्क्याला लागताना लाँच अशी आदळली की उभी असलेली माणसं एकमेकांवर गेली. दाजीचा हात पुढं झाला आणि काहीच नसलेल्या जागी मिटला.

"ओढ कळली नाही त्याला," तो म्हणाला.

"तुम्ही घ्या ना दाजी एकदा. मी बोलतो नव्या मॅनेजरशी. एक खेप नुसती."

दाजीनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं. "साठी उलटली माझी. डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय. तू जर त्याच आठवड्यात बोलला असतास ना…" ते वाक्य त्यानं तिथंच सोडलं. रागानं नाही. ते वाक्य कुठं न्यायचं हे त्यालाही कळलं नसावं.

"पोरीकडं जाणार का?" पाणक्यानं विचारलं.

"चार दिवस जाऊन आलो. बाळाला मांडीवर घेतलं की हात सारखा चाचपून बघतो, आहे ना म्हणून. गॅस अजून तीनदा बघतो. मला ठाऊक आहे की मी विसरलो नव्हतो. पण हे त्या हाताला कोण सांगणार? अकरा वर्षांची सवय आहे."

डब्यातल्या नळ्यांत क्षार साचला तर आम्ल घालून धुता येतो, हे पाणक्याला माहीत होतं. ह्याला काय घालायचं ते माहीत नव्हतं.

दोघं धक्क्याच्या पायऱ्या चढले. वर रस्ता दोन बाजूंना फुटत होता. दाजीनं खिशातनं यादी काढली, मुलीच्या वहीच्या कागदावर लिहिलेली, आणि चष्मेवाल्याच्या शेवटच्या ओळीवरनं बोट वर, अजून राहिलेल्या एका ओळीवर नेलं.

"पुढच्या रविवारी, तो तबल्याची जोडी घेऊन बसला होता ना, तो. टेकडीपलीकडं राहतो. दोन बस बदलाव्या लागतात, सकाळी सातला निघू."

"येतो."

"डबा तुझा तू आण," दाजी म्हणाला. "अक्का एकाचाच भरते."